गुंग होऊन वाचणे

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात रन्वार या चित्रकाराचं एक छोटं तैलचित्र आहे. उंची ४६.५ सेंटिमीटर, रुंदी ३८.५. एक तरुण मुलगी खिडकीच्या उजेडात पुस्तक वाचत बसली आहे, एवढाच विषय. रन्वारनं ते १८७४ ते १८७६ च्या दरम्यान कधीतरी रंगवलं. मुलगी मोंमार्त्र भागातली, नाव मार्गरीत लग्राँ. ओळखीचे लोक तिला मार्गो म्हणत. त्या दोन-चार वर्षांत रन्वारच्या कितीतरी चित्रांत ती दिसते. १८७९ साली ती वारली. हे चित्र रन्वारचा चित्रकार-मित्र गुस्ताव्ह कायबॉत याच्या संग्रहात होतं. १८९४ मध्ये तो गेला आणि मृत्युपत्रानं सगळा संग्रह फ्रेंच सरकारला देऊन गेला. सरकारनं तो कुरकुरत आणि अर्धामुर्धाच स्वीकारला. सुदैवानं मार्गो घेतलेल्यांत होती.

चित्राचं फ्रेंच नाव 'ला लिझ्यूज'. मराठीत त्याला काय म्हणावं? 'वाचणारी' म्हटलं तर वाक्य अर्धं राहिल्यासारखं वाटतं. वाचणारी कोण, काय, कुठे? 'वाचनमग्न तरुणी' हे नाव प्रदर्शनातल्या पाटीला शोभेल, पण मुलीला शोभत नाही. 'वाचिका' म्हणावं तर हा शब्द कोशात सापडेल, बोलण्यात नाही. नावाच्या शोधात निघालं की 'वाचणे' या रोजच्या क्रियापदाच्या पोटात काय काय दडलं आहे ते बाहेर पडू लागतं, आणि मग नाव बाजूला राहून शब्दांच्याच मागे जावंसं वाटतं.

आधी फ्रेंचांकडे बघू. 'लीर' म्हणजे वाचणे. त्यावरून वाचणाऱ्या बाईसाठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत: 'लेक्त्रीस' आणि 'लिझ्यूज'. 'लेक्त्रीस' हा शब्द पूर्वी पगारी पदाचा होता. राजघराण्यातल्या किंवा श्रीमंत घरच्या बायकांना पुस्तकं वाचून दाखवायला जी बाई नेमत ती लेक्त्रीस. पुढे मादाम काँपाँ म्हणून इतिहासात नाव झालेली बाई वयाच्या पंधराव्या वर्षी पंधराव्या लुईच्या मुलींची लेक्त्रीस म्हणूनच दरबारात शिरली. म्हणजे आवाज तिचा, ऐकणारे कान दुसऱ्यांचे. लिझ्यूज मात्र स्वतःसाठी वाचते, आवडीनं वाचते, पुष्कळ वाचते. आल्बेर तिबोदे या समीक्षकानं १९२५ साली कादंबरीच्या वाचकांवर पुस्तक लिहिलं, त्यात या जोडीच्या पुल्लिंगी रूपांमधला फरक त्यानं ठासून मांडला. कादंबरी वाचून वेळ घालवणारा तो 'लेक्तर'. कादंबरीतलं जग ज्याला खरं असतं तो 'लिझर'. रन्वारच्या चित्राला नाव देणाऱ्यानं दोनातला नेमका शब्द उचलला आहे. मार्गो कुणाला वाचून दाखवत नाही.

पुढे या 'लिझ्यूज'ची मोठी गंमत झाली. पूर्वी फ्रेंच पुस्तकांची पानं न कापता येत. ती कापायला आणि खूण म्हणून ठेवायला जी छोटी सुरी असे तिला लिझ्यूज म्हणू लागले. पुस्तकावर घालायच्या वेष्टणालाही लिझ्यूज, आणि थंडीत अंथरुणात बसून वाचताना बायका अंगावर घालत त्या सैल जाकिटालाही लिझ्यूजच. आज पॅरिसच्या दुकानात लिझ्यूज मागितली तर ई-पुस्तकं वाचायचं यंत्र हातात ठेवतील. वाचणारी बाई शब्दातून हळूहळू उठून गेली आणि तिच्या हातातल्या, अंगावरच्या वस्तू मागे राहिल्या.

'लीर' आला लॅटिन 'लेगेरे'वरून, आणि 'लेगेरे'चा मूळ अर्थ वेचणे, गोळा करणे. आधी फळं वेचली, मग अक्षरं. जर्मन 'लेझेन'मध्येही हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदतात. द्राक्षांच्या काढणीला जर्मन लोक 'वाइनलेझं' म्हणतात. आपण वाचनाला वेचणं म्हटलं नाही, पण अगदीच लांब राहिलो असंही नाही. परशुरामपंत गोडबोल्यांनी १८५४ साली मराठी कवितांचं 'नवनीत' तयार केलं ते 'वेच्यां'चंच पुस्तक होतं, आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांनी शाळेत 'गद्य वेचे' नि 'पद्य वेचे' घोकले. याच लॅटिन घराण्यातला 'लेक्चर' हा शब्द इंग्रजीच्या गाडीतून आपल्याकडे उतरला. मुळात तो 'वाचन' होता. विद्यापीठात गुरुजी पुस्तक वाचून दाखवत, ते लेक्चर. मराठीत त्यात वाचनाचा अंशही उरला नाही. 'लेक्चर झाडू नकोस' असं म्हणताना पुस्तक कुणाच्या मनात येत नाही.

आता आपलं 'वाचणे'. याचं मूळ संस्कृत 'वच्' म्हणजे बोलणे, आणि त्याचंही प्रयोजक रूप 'वाचयति', म्हणजे बोलायला लावणे, वदवून घेणे. हा अर्थ मृत नाही, तो दर लग्नामुंजीत आपल्यासमोर घडतो. पुण्याहवाचन म्हणजे कुठली पोथी वाचणं नव्हे. 'आजचा दिवस पुण्याचा आहे' असं यजमान ब्राह्मणांकडून वदवून घेतो, ते पुण्याहवाचन. स्वस्तिवाचनही तसंच. कागदावरचं लिखाण 'वाचणं' म्हणजे त्या मुक्या अक्षरांना बोलायला लावणं. लिखाण गप्प आहे, त्याच्याकडून काहीतरी वदवून घ्यायचं आहे. आणि ते बोलणार कुणाच्या तोंडानं, तर आपल्याच. म्हणून वाचणे म्हणजे मोठ्यानं वाचणे, हे या शब्दाच्या जन्मातच आहे.

'वच्'चा सगळा गोतावळा बोलण्यातला आहे. वाचा, वाचाळ, वचन, वाक्य, वक्ता, उक्ती. वाचा फुटते, वाचा बसते, अन्यायाला वाचा फोडतात. 'वाचा' (भाषा) आणि 'वाचा!' (वाचन करा!) कागदावर सारखेच दिसतात. ते वेगळे कळतात फक्त उच्चारात: पहिल्यातला च 'चहा'तला, दुसऱ्यातला 'चमचा'तला. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द तालव्य राहिला आणि मराठीच्या तोंडी रुळून झिजलेल्या क्रियापदाचा च दंत्य झाला. भाऊ एकाच आईचे, वाढले वेगळ्या घरांत. (जीव वाचणे मात्र यांच्या नात्यातलं नाही. हिंदीत 'बाँचना' आणि 'बचना' हे दोन शब्द अजून वेगळे ऐकू येतात; मराठीत ते एकमेकांवर चढले, आणि त्यातूनच 'वाचाल तर वाचाल' ही घोषणा निघाली. ती आता भिंतींवर इतकी शिळी झाली आहे की ग्रंथालयांनी तिला काही वर्षं सुट्टी द्यायला हरकत नाही.)

'वाचक' या शब्दाचा मूळ अर्थही 'बोलणारा' असाच आहे. व्याकरणात तो अजून तसाच आहे: प्रश्नवाचक, संख्यावाचक, समूहवाचक. काव्यशास्त्रात तर शब्द हा 'वाचक' आणि अर्थ हा 'वाच्य'. 'वाचकांची पत्रे' हे सदर, एवढी एकच जागा उरली आहे जिथे आपला वाचक मूळ अर्थाला जागून बोलतो. आणि बाईची आणखी पंचाईत. लेखकाची लेखिका झाली, गायकाची गायिका झाली, संपादकाची संपादिका झाली. वाचकाची वाचिका काही चालली नाही. 'स्त्री-वाचक' म्हणावं तर मधली रेघ पुसताच तो शब्द थेट व्याकरणाच्या पुस्तकात जातो, कारण 'स्त्रीवाचक' म्हणजे स्त्रीत्व दाखवणारा शब्द. लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, नाचणाऱ्या बाईला मराठीत नाव मिळालं. वाचणारी बाई 'वाचकवर्ग' या पुल्लिंगी गर्दीत उभी राहिली.

मोठ्यानं वाचण्यावर एका महाकाव्याइतकी मोठी गोष्ट अडली आहे. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात शकुंतला दुष्यंताला कमळाच्या पानावर नखानं पत्र लिहिते आणि मैत्रिणींना म्हणते, ऐका बरं, अर्थ जुळतो का. तिथे कालिदासाची रंगसूचना आहे, 'वाचयति'. ती वाचते, म्हणजे अर्थातच मोठ्यानं, आणि आडोशाला उभा असलेला दुष्यंत ते ऐकून पुढे येतो. शकुंतला मनातल्या मनात वाचणारी असती तर राजा झाडामागेच ताटकळला असता आणि पुढचे अंक झालेच नसते. हाच प्रसंग, पत्र लिहिणारी शकुंतला, राजा रविवर्म्यानं १८७६ साली रंगवला. रन्वारच्या मार्गोचीच ती वर्षं. दोघांत देवाणघेवाण काहीच नव्हती आणि शैलीत तर दोन ध्रुवांचं अंतर. पण दोन्ही चित्रं मनात शेजारी ठेवली की एक फरक लगेच दिसतो. रविवर्म्याच्या शकुंतलेभोवती मैत्रिणी आहेत, ते पत्र लवकरच ऐकलं जाणार आहे. मार्गोभोवती कुणी नाही. तिचे ओठ लाल आहेत आणि मिटलेले आहेत.

आपल्याकडेही घरातलं वाचन पुष्कळ काळ शकुंतलेच्या पद्धतीचंच होतं. चातुर्मासात पोथी 'लावत'. एक वाचणार आणि आळी ऐकणार. 'पोथी' आणि 'पुस्तक' हे मुळात एकच शब्द आहेत. संस्कृत 'पुस्तक' प्राकृतातून घासत-घासत 'पोथी' झाला, आणि पुढे तोच 'पुस्तक' आपण संस्कृतातून पुन्हा एकदा कोरा करकरीत आणला. मग दोघांनी कामं वाटून घेतली. पोथी मोठ्यानं वाचायची, पाय धुऊन, वेळेवर, आणि ऐकणाऱ्यांसाठी. पुस्तक मनात वाचायचं, कसंही लोळून आणि एकट्यानं. पोथीचं पारायण होतं, म्हणजे या तीरावरून त्या तीराला जायचं, मधली ओवी गाळायची सोय नाही. पुस्तक नुसतं चाळता येतं. मार्गोच्या हातात काय आहे ते चित्रातून कळत नाही, पण ती पोथी नाही याबद्दल शंका नको.

मनात वाचणं जगात कुठेच फार जुनं किंवा सहज नव्हतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलान शहरात संत ऑगस्टीन बिशप ॲम्ब्रोजकडे जात, तेव्हा ॲम्ब्रोज वाचताना डोळे पानावरून फिरतात पण तोंडातून आवाज येत नाही, याचं त्यांना नवल वाटलं. आत्मकथनात त्यांनी ते नोंदवलं आणि त्यामागची कारणंही शोधली: घसा जपायचा असेल, किंवा ऐकणाऱ्यांनी मधेच शंका विचारू नयेत म्हणून असेल. त्या काळी अगदी कुणीच मनात वाचत नसे असं नव्हे. पण ती लक्षात राहावी अशी गोष्ट होती खास.

मराठी शाळेनं या दोन तऱ्हांना दोन नावं दिली आहेत: प्रकटवाचन आणि मूकवाचन. 'मूकवाचन' हा शब्द मला फार आवडतो. 'वाचन' म्हणजे बोलतं करणं आणि 'मूक' म्हणजे मुकं. इतका उघड अंतर्विरोध पोटात घेऊन हा शब्द वर्षानुवर्षं वर्गात बसला आहे आणि कुणा मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शिक्षणखात्यातल्या ज्या कुणी तो घडवला त्यानं बहुधा न ठरवताच वाचनाचा सगळा इतिहास दोन शब्दांत बसवला. आवाज काढून घेतला, तरी वदवून घेणं चालूच राहिलं.

आणि शाळेच्या बाहेर, साध्या बोलण्यात, मराठीनं हाच जोड आणखी एकदा जुळवला आहे. 'ती गुंग होऊन वाचत होती' असं आपण सहज म्हणतो. 'गुंग' हा फारसी शब्द आहे आणि फारसीत त्याचा अर्थ 'मुका'. हिंदीतला 'गूँगा' त्याचाच. मराठीत आल्यावर मुकेपण मागे पडलं. बोलेनासा झालेला, म्हणून तंद्रीत गेलेला, म्हणून आजूबाजूचं काही कळेनासं झालेला, अशा पायऱ्या उतरत गुंग आजच्या अर्थाला आला आणि वाटेत गुंगीचं औषधही देऊन गेला. आता फारसी नि संस्कृत दोन्ही अर्थ एकदम जागे केले तर 'गुंग होऊन वाचणे' म्हणजे 'मुकं होऊन बोलतं करणे'. पंडितांनी संस्कृतातून घडवलेलं 'मूकवाचन' आणि लोकांनी फारसी उचलून बनवलेलं 'गुंग होऊन वाचणं', दोन वेगळ्या वाटांनी एकाच दारात येऊन उभे राहिले. मला तर यात लोकांचा शब्द सरस वाटतो. मूकवाचनात फक्त आवाज नाही. गुंग होण्यात आवाज नाही आणि स्वतःची शुद्धही नाही.

वाचनातली ही अवस्था सांगायला मराठीत शब्दांची ददात नाही, फक्त ते बहुतेक सगळे आपल्याला पाण्यात लोटतात. 'मग्न' आला 'मस्ज्'वरून, म्हणजे बुडणे. स्नानाला मज्जन म्हणतात तो हाच धातू. 'गर्क' अरबी, त्याचाही अर्थ बुडालेला. संस्कृत आणि अरबी यांचा एरवी काडीचा संबंध नाही, पण कामात डोकं घातलेल्या माणसाला दोघांनी बुडवलं. 'पुस्तकात बुडालाय' हे आपलं घरचं त्यात आणखी. 'मशगूल' जरा कोरडा, कारण त्याच्या मुळाशी 'शुगल' म्हणजे काम. मशगूल माणूस कामात असतो. 'दंग' मुळात चकित झालेला. 'तल्लीन' म्हणजे 'त्यात लीन', आणि लीन होणं म्हणजे चिकटणं, विरणं, लय पावणं. रन्वारच्या कुंचल्याला यातला 'तल्लीन' चांगला लागू पडतो, कारण त्यानं मुलीच्या कडाच ठेवलेल्या नाहीत. केस कुठे संपतात आणि मागचा पडदा कुठे सुरू होतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही; कपडे आणि सावली एकमेकांत विरघळली आहेत. पण 'मग्न' आणि 'गर्क' मला नकोसे वाटतात. ही मुलगी बुडालेली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर चित्रातला सगळ्यात जास्त उजेड आहे. खिडकीतला प्रकाश पानावर पडतो आणि पानावरून उसळून तिच्या गालांवर जातो. 'भान हरपून वाचते आहे' असंही म्हणवत नाही. 'भान' शब्द 'भा' म्हणजे चमकणे या धातूचा. भान हरपणं म्हणजे शब्दशः उजेड जाणं. इथे तर तो आला आहे.

ज्या चळवळीत रन्वार वाढला तिच्या नावातही वाचनाशी, निदान छपाईशी, संबंध आहे. ती कथा अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये कापुसीन रस्त्यावर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत, सरकारी प्रदर्शनाला कंटाळलेल्या काही चित्रकारांनी आपलं प्रदर्शन मांडलं. सूचीचं काम रन्वारचा भाऊ एदमाँ करत होता. मोनेच्या एका चित्राला, ल हाव्र बंदरातल्या धुकट सकाळीला, नाव पडलं 'इम्प्रेशन, उगवता सूर्य'. दहा दिवसांनी लुई लरुआ यानं 'ल शारिव्हारी' या विनोदी पत्रात या मंडळींची टर उडवली आणि मथळ्यात त्यांना 'इम्प्रेशनिस्ट' करून टाकलं. १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनापर्यंत त्यांनी ती शिवी बिरुद म्हणून लावून घेतली होती.

या 'इम्प्रेशन'चा मूळ अर्थ आत दाबणे, दाबून खूण उठवणे. म्हणूनच फ्रेंचमध्ये छपाईलाही इम्प्रेशनच म्हणतात आणि मनावर उमटलेल्या खुणेलाही. मराठीला हे नवीन नाही. आपल्याकडे 'छाप' आहे: छापखान्यातली छाप आणि माणसाची पडते ती छाप. 'ठसा' आहे, तोही दोन्हीकडे. पण सगळ्यात श्रीमंत शब्द 'मुद्रा'. मुद्रा म्हणजे शिक्का, मुद्रा म्हणजे नाणं. त्यावरून मुद्रण, मुद्रक, मुद्रितशोधन. आणि मुद्रा म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचा भाव. छापलेलं पान आणि ते वाचणारा चेहरा, दोघांना पुरणारा एकच शब्द मला दुसऱ्या भाषेत माहीत नाही. रन्वारच्या चित्रात नेमक्या या दोनच गोष्टी उजळल्या आहेत. मुद्रित पान दिसतं पण वाचता येत नाही, त्यावर चारदोन फटकारे आहेत फक्त. वाचायची ती तिची मुद्रा.

छापील अक्षराला आपण सहजासहजी घरात घेतलं नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. मुंबईत १८३१ च्या सुमारास गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर छपाई सुरू केली, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं आणि वाट मोकळी केली.

मराठी विश्वकोशानं इम्प्रेशनिझमला 'दृक्प्रत्ययवाद' केलं आहे. शब्द जड आहे, पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळते, पण मी त्याच्या बाजूचा आहे. हिंदीतला 'प्रभाववाद' सोपा खरा. पण प्रभाव पाडायचा असतो, प्रत्यय यायचा असतो. मोनेला कुणावर प्रभाव पाडायचा नव्हता, त्याला त्या धुक्याचा जो प्रत्यय आला तो तेवढ्या वेळात पकडायचा होता. याच मोनेनं १८७२ मध्ये आपली बायको कामीय हिला झाडाखाली गवतात बसून वाचताना रंगवलं. ते चित्र आता बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. तिच्या पांढऱ्या-गुलाबी झग्यावर पानांमधून गळणाऱ्या उन्हाचे कवडसे आहेत, आणि त्या काळी लोक ठिपक्या-डागांवरूनच हसत. संस्कृत जाणणारा कुणी तिथे असता तर हसला नसता. 'चित्र'चा जुना अर्थच मुळी चकाकणारं, ठिपक्यांचं, चित्रविचित्र. 'चित्ता' हा शब्द 'चित्रक'वरून आला तो त्याच्या ठिपक्यांमुळे.

आणखी एक जुना शब्द इथे आठवतो, 'चित्रलिखित'. संस्कृतात 'लिख्' म्हणजे ओरखडणे, कोरणे. त्यातून अक्षरंही निघत आणि चित्रंही. चित्र 'लिहीत' असत, आणि चित्राला 'आलेख्य' म्हणत. हालचाल थांबलेल्या माणसाला 'चित्रलिखित' म्हणायची पद्धत त्यातून आली. वाचणाऱ्या मुलीला हा शब्द फिट्ट बसेल असं प्रथम वाटतं. रविवर्म्याच्या शकुंतलेला तो बसतोही: रेघ नक्की, कांती गुळगुळीत, पदराची चुणी जागच्या जागी. पण मार्गो चित्रलिखित नाही. ती स्वतः स्थिर असेल, तिच्यावरचा रंग स्थिर नाही. आज आपण चित्र 'लिहीत' नाही, 'काढतो' किंवा 'रंगवतो', आणि रन्वारनं हे चित्र काढलेलं कमी नि रंगवलेलं जास्त आहे.

तर मग 'रंगणे' हेच क्रियापद का नको? 'रञ्ज्' म्हणजे रंग चढणे, आणि त्याच वेळी आनंदणे, जीव जडणे. त्यातून रंजन, अनुरक्त, आणि रंग उतरला की विरक्त. 'राग' त्यातलाच, संस्कृतात तो रंगही होता आणि प्रेमही, गवयांनी त्याला सुरांत नेलं, आणि मराठी माणसानं त्याचा अर्थ थेट 'संताप' करून ठेवला. मनोरंजन म्हणजे मनाला रंग देणं. १८९५ साली का. र. मित्रांनी वाचकांसाठी मासिक काढलं त्याचं नाव हेच, आणि मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये याच 'मनोरंजना'नं दिला. मराठीत मैफल रंगते, गप्पा रंगतात, विडा रंगतो, आणि माणूस पुस्तकात रंगून जातो. या शब्दात बुडणं नाही, मुकेपण नाही, भान हरपणंही नाही. पुस्तकाचा रंग माणसाला लागतो, एवढंच त्यात आहे. रन्वारनं ते अक्षरशः करून दाखवलं: मार्गोच्या चेहऱ्यावरचा रंग तिच्या हातातल्या पानावरून आलेला आहे.

म्हणून 'ला लिझ्यूज'ला मी 'वाचनात रंगलेली' म्हणेन. हे नाव एखाद्या जुन्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखं वाटतं असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो खोटा नाही. तरी 'वाचनमग्न तरुणी'पेक्षा ते चित्राला जवळचं आहे असं माझं मत. याहून नेमकं नाव कुणाला सुचलं तर जरूर कळवावं. अट एकच: फ्रेंचांनी एका शब्दात भागवलं आहे, तेव्हा आपण दोनाच्या पुढे जाऊ नये.